पक्ष्यापुढचा मासा

पाफोस, कुप्र बेट
अंजिराला पानं फुटण्याचे दिवस

चि. वोर्दिया,

तुझ्या मावशीचे आशीर्वाद. तांब्याच्या व्यापाऱ्याचा कारकून समोर बसवून हे पत्र सांगते आहे. मी बोलते तसंच लिही, गोड करू नकोस, अशी त्याला ताकीद दिली आहे. तेव्हा कडू लागलं तर ते माझंच आहे असं समज.

हिवाळा सरून समुद्र गलबतांना उघडल्याबरोबर नाखवा उर्तेन आला आणि तू पाठवलेला चंबू देऊन गेला. गवतात नीट गुंडाळला होता, टवकाही उडालेला नाही. घडण चांगली आहे. कान तर बाबांनी बसवल्यासारखा बसवला आहेस. इथे माझं कौतुक संपलं.

आपल्या घरात एकच रंग. भाजल्यावर गडद तपकिरी होणारी माती, ती बिनलेपाच्या भांड्यावर, बस. बाबांनी तेच केलं, त्यांच्या बापाने पलीकडच्या किनाऱ्यावर तेच केलं, आणि तुझी आई माझ्या शेजारी बसून तेच शिकली. तू काय केलं आहेस? खाली चुन्यासारखा पांढरा लेप, वर काळा, काळ्याच्या जोडीला लाल. चंबू आहे की लग्नाला निघालेली बाई? एका अंगाला मिसर देशाचं कमळ. तोटीच्या तोंडाशी आतून भोकं पाडली आहेत, ती कशाला? आणि पक्षी! मान मागे वळवलेला आपला पक्षी मी कुठेही ओळखेन. पण त्याच्या पुढ्यात मासा कुणी ठेवला?

आता मुद्द्याचं. शहर जळालं त्या वर्षी ज्या लोकांच्या गलबतातून तुम्ही मायलेकी गेलात, त्यांना तिकडे आता पलिष्टी म्हणतात असं उर्तेन सांगतो. म्हणोत बापडे. तू पाफोसच्या कुंभाराची नात आहेस. तुझी आई मनासा जाऊन दोन हिवाळे झाले. तू तिकडे एकटी कुणाच्या तरी अंगणात चाक फिरवतेस, आणि इकडे माझ्या भट्टीला माझ्यामागे कुणी नाही. जमीन देवीच्या मंदिराची आहे हे तुला ठाऊक आहे. शरदातल्या उत्सवाला मद्य आणि पाणी कालवायचा मोठा कुंभ जोवर आपल्या घरच्या हातचा जातो, तोवर भट्टी आपली. यंदा मंदिराच्या लोकांनी सरळच विचारलं, "एरिथाबाई, तुमच्यानंतर कोण?" माझ्या हाताखालचा कोकालोस दारात उभा राहून ऐकत होता.

मी सांगितलं, माझी भाची.

तेव्हा यंदाचा कुंभ तू कर. एक रंग, आपला पक्षी, बाकी काही नाही. समुद्र बंद व्हायच्या आत पाठव. मंदिराने तो मान्य केला की पुढच्या वसंतात तू ये आणि भट्टी ताब्यात घे. मला उत्तर हवं आहे, सबबी नकोत.

एरिथा


अष्कलोन
जवाची कापणी झाल्यावर

ती. मावशीस वोर्दियाचा नमस्कार.

तुझं पत्र बंदराच्या कारकुनाने वाचून दाखवलं. हमाल ओझी खाली ठेवून ऐकत उभे राहिले. "मावशी आहे की मुकादम?" एकाने विचारलं. मी म्हटलं, दोन्ही. हा कारकून मनाने चांगला आहे, पण सकाळी ऐकलेलं संध्याकाळपर्यंत गावभर करतो, म्हणून मी जरा जपून सांगते आहे. (हेही त्याने लिहिलं. लाजला आहे.)

आधी भोकांचं. इथे जवाची दारू पितात आणि तिच्यात फोलपटं तरंगत असतात. भोकांतून गाळली नाही तर दाढीत अडकतात. आपली माणसंही आता हीच पितात आणि मद्य महाग झालं म्हणून कुरकुरतात.

पांढऱ्या लेपाचं. इथली माती वाळूची. आपला तपकिरी रंग ती पिऊन टाकते. नुसत्या भांड्यावर काढलेला पक्षी भट्टीतून निघतो तेव्हा चिखलात रुतल्यासारखा दिसतो. लेपावर काढला की उठतो. लाल रंग बतनोआमबाईंचा. मी ज्यांच्या अंगणात काम करते, त्या या कनानी बाई. लाल-काळ्याची रीत त्यांच्या घरात आपण इथे येण्याआधीपासून आहे. त्यांचे वडील मिसरी छावणीला भांडी पुरवायचे, कमळ त्यांनी तिथून उचललं.

राहिला मासा. मी पक्षी काढत होते आणि त्या शेजारी गेरू वाटत होत्या. आपली भाषा त्या अजून तोडकीमोडकीच बोलतात. म्हणाल्या, "हा मागे काय बघतो?" मी म्हटलं, "घराकडे बघतो. मागे राहिलेल्या बेटाकडे. आई तसं सांगायची." त्यांनी गेरूचे हात पुसले. मग म्हणाल्या, "मागे बघून पोट भरतं?" आणि माझ्या हातातला कुंचला घेऊन त्यांनी मासा काढला.

मला हसू आलं मावशी, म्हणून तो पुसला नाही.

तुझ्या सांगण्याप्रमाणे एका रंगाचे दोन कुंभ करून पाहिले. एकाला भाजताना तडा गेला, दुसऱ्यावरचा पक्षी आजोबांच्या पक्ष्याचं भूत वाटावा इतका पुसट. हल्ली माझ्याने चाकावर फार वेळ बसवत नाही, पाठ धरते. सकाळी माशाचा वासही सोसत नाही. काळजी करू नकोस. पण आपल्या मातीशिवाय आपला रंग बसत नाही, त्याला मी काय करू?

तुझी वोर्दिया


पाफोस
उन्हाळ्याची पहिली काकडी निघाली तेव्हा

चि. वोर्दिया,

माती हवी होती तर ती मागायची. दोन महिने वाया घालवलेस. उर्तेनबरोबर आपल्या ओढ्याकाठच्या मातीचं पोतं आणि रंगाच्या मातीचा गोळा पाठवते आहे. पोत्यात एकाच मोठ्या कुंभापुरती माती आहे, जपून वापर. उर्तेन म्हणाला, "बाई, तिकडे काय माती नाही?" मी म्हटलं, तू होडी हाक.

पाठ धरते म्हणजे चाक उंच लावलं असशील. खाली घे. माशाचा वास सोसत नाही? बंदरात राहून हे कसले नखरे? विहिरीचं पाणी बाधलं असेल. पुदिना चाव, उकळलेलं पाणी पी आणि अंजीर कमी खा.

त्या बतनोआम नावाच्या बाईला सांग, गेरू वाटायला ठेवली असेल तर गेरू वाटावा. माझ्या बापाच्या पक्ष्याला हात लावू नये.

आणि पक्षी घराकडे बघतो असं तुला मनासाने सांगितलं? मनासा लहानपणापासून अशीच. तो काय करतो ते तू आलीस की सांगेन. कारकुनादेखत सांगण्यासारखी ती गोष्ट नाही, हा तांब्याच्या व्यापाऱ्याकडे आहे आणि तो व्यापारी भांडीही विकतो.

कोकालोसने परवा दोन पक्षी काढले. मान बरी जमली, डोळा मेंढीचा. लवकर कर.

एरिथा


अष्कलोन
पहिली द्राक्षं तयार झाली तेव्हा

ती. मावशीस नमस्कार.

पोतं मिळालं. तोंड सोडलं आणि ओढ्याचा वास आला. लव्हाळ्यांचा, ओल्या दगडांचा. मी अंगणातच बसून रडले. बतनोआमबाईंनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि म्हणाल्या, "गोड आहे." मग मला बाजूला करून त्यांनीच ती तुडवली, कारण मला वाकवत नाही. रागावू नकोस. पक्ष्याला हात लावला नाही, मातीला पाय लावले.

कुंभ झाला. तोंड रुंद, कान दोन, पोट आजोबांच्या मापाचं. परवा रंग घातला. तुझ्या रंगाच्या मातीने कुंचला असा सरकला, जणू त्याला वाट माहीत होती. एकटा पक्षी, मान मागे, दोन्ही अंगांना मोकळी जागा. आता सावलीत वाळतो आहे. कदाचित मी काढलेला हा सगळ्यात चांगला पक्षी असेल.

बतनोआमबाई येता-जाता त्याच्याकडे बघतात आणि काही बोलत नाहीत. त्यांनी बोललेलं मला परवडतं.

मावशी, तुला एक गोष्ट सांगायची आहे. कुंभाबरोबर सांगेन.

वोर्दिया


अष्कलोन
ऑलिव्ह झोडपायचे दिवस, शेवटचं गलबत सुटण्याआधी

ती. मावशी,

हे पत्र बंदराचा कारकून लिहीत नाही. मतान लिहितो आहे. तो उन्हाळाभर त्या कारकुनाकडे जाऊन आपली अक्षरं शिकला, केवळ या पत्रासाठी, म्हणजे मला तुझ्याशी गावादेखत बोलावं लागणार नाही. अक्षर वाकडं असेल तर सांभाळून घे.

मतान माझा नवरा आहे. कुंभार आहे, कनानी आहे. बतनोआमबाई त्याची आई, माझ्या सासूबाई. आई गेली त्या हिवाळ्यात मी तापाने पडले होते, तेव्हा त्यांनी मला उचलून आपल्या घरी नेलं. लग्न त्यानंतरच्या वसंतात झालं. तू माझ्यासाठी भट्टी राखून बसली आहेस हे कळल्यावर मला सांगायचा धीर होईना. पाण्याने बाधलं नव्हतं, मावशी. द्राक्षं तुडवायच्या आठवड्यात मला मुलगी झाली. नाव मनासा ठेवलं आहे. कपाळ तुझं आहे, आणि कुणी उचलायला उशीर केला की आवाजही तुझाच.

आता कुंभाचं. इथल्या लोकांत बाळ जन्मलं की पहिला आठवडाभर अंगणात तोंड असलेला एकही जीव उपाशी ठेवत नाहीत. ठेवला तर बाळाला दूध पुरत नाही असं मानतात. सासूबाईंनी चिमण्यांना दाणे टाकले, शेजाऱ्याच्या बकरीला पाला घातला, एका लंगड्या कुत्र्याला तर इतकं वाढलं की तो आता इथेच राहतो. मी आत खाटेवर होते. तिसऱ्या दिवशी त्या भट्टी भरायला गेल्या आणि सावलीत त्यांना तुझा कुंभ दिसला. त्यावर पक्षी. त्याला चोच आहे. पुढे काहीच नाही.

त्यांनी लाल रंगात मासा काढला आणि कुंभ भाजून काढला.

मला कळलं तेव्हा तो थंड होऊन दारात उभा होता. मी ओरडले. मी त्यांच्यावर यापूर्वी कधीच ओरडले नव्हते. त्या म्हणाल्या, "सगळ्यांना घातलं. यालाच कसं नको म्हणू?" मी वाळूने घासून पाहिलं, मासा निघत नाही. तुझी माती संपली. दुसरं पोतं मागवायला समुद्र उघडा राहणार नाही.

कुंभ तसाच पाठवते आहे. पक्षी माझ्या हातचा आहे, त्यात खोट नाही. पण आता खरं सांगते, मासा नसता तरी मी आले नसते. माझं घर इथे आहे. माझ्यामुळे आजोबांची भट्टी जाईल हे मला समजतं, आणि रोज संध्याकाळी ते पुन्हा समजतं. तुला रागवायचं तेवढं रागव. फक्त गप्प बसू नकोस.

वोर्दिया

मावशी, मी मतान. ती रडते आहे हे तिने लिहायला सांगितलं नाही, मी आपणहून लिहितो आहे.


पाफोस
समुद्र उघडला, अंजिराला पुन्हा पानं

चि. वोर्दिया आणि चि. मतान यांना आशीर्वाद. छोट्या मनासाला पापा.

हिवाळाभर मी गप्प नव्हते. समुद्र बंद होता. मतान, अक्षर वाकडं आहे पण वाचता येतं, आणि मी पाहिलेल्या बऱ्याच सरळ अक्षरांपेक्षा कामाचं आहे.

उत्सवाच्या आदल्या दिवशी कुंभ मंदिरात नेला. कोकालोस बरोबर होता, कुंभाचा एक कान धरून. कापड काढलं. सगळे आधी पक्ष्याकडे बघून "वा" म्हणाले आणि मग त्यांची नजर माशावर गेली.

पुजारीणबाई म्हणाल्या, "एरिथा, हे काय?"

"मासा."

"तो दिसतोय. कशासाठी?"

मी म्हटलं, "बाळंतपणाचा आहे."

कोकालोस हसला. मी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला. पुजारीणबाईंनी विचारलं, "हा तुझ्या घरचा हात आहे का? नीट सांग. तू हो म्हणालीस तर मी मानते." मला हो म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "पक्षी आमच्या घरचा. मासा विहिणीचा." त्यांनी कुंभ परत दिला. त्यांचा नियम आहे, त्यांचं चुकलं नाही. भट्टी कोकालोसला गेली. तो सकाळी येऊन विचारतो, "मालकीणबाई, आज लाकूड किती?" मी म्हणते, मालक तू आहेस. तो म्हणतो, "हो, पण किती?"

तुझ्यामुळे भट्टी गेली असं पुन्हा मनात आणू नकोस. भट्टी विटांची असते.

कुंभ मी घरी आणला आणि हिवाळाभर त्यातच माझं मद्य कालवलं. एकटीसाठी तो फार मोठा आहे. रोज समोर तो आणि मी. तेव्हा तुला सांगायचं राहिलेलं आता सांगते. कारकून ऐकतो आहे, ऐकू दे.

पक्षी मागे बघत नाही. तो पिसं साफ करतो. बाबा मला आणि मनासाला मिठाच्या तळ्यावर न्यायचे, समुद्रावरून लांबून आलेले पक्षी दाखवायला. दमून उतरलेला पक्षी आधी मान ताठ ठेवतो, चौफेर बघतो. कोल्हा आहे का, माणूस आहे का. जागा निर्धोक वाटली, मगच मान मागे टाकून पिसांत चोच घालतो. भ्यालेला पक्षी पिसं साफ करत नाही. म्हणून तो आपण भांड्यावर काढतो. ज्या घरात हे भांडं आहे तिथे उतरायला हरकत नाही, एवढंच तो सांगतो. मनासाला तिकडे घर आठवायचं, म्हणून तिने त्याला घराकडे बघायला लावलं. तिची चूक काढत नाही. पण तू तिच्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत राहू नकोस. तू उतरली आहेस.

आणि हेही लिही रे, मधेच नाक शिंकरू नकोस. तीन पिढ्या आम्ही तो पक्षी उतरवत आलो. इतक्या लांबून आलेल्याला भूक लागली असेल हे आमच्या घरात एकालाही सुचलं नाही. तुझ्या सासूला सुचलं.

उर्तेनच्या पुढच्या फेरीला मी निघते आहे. माझं चाक, बाबांचे कुंचले आणि मातीची दोन पोती. तो म्हणतो एकच पोतं घेईन. बघू. कुंभ मांडीवर घेऊन बसेन. पांढरा लेप कसा कालवता ते मला शिकायचं आहे, पण लाल रंगाबद्दल मी अजून काही कबूल केलेलं नाही.

विहीणबाईंना नमस्कार सांग. म्हणावं, मासा चांगला आहे. पण शेपटी वाकडी आहे. आले की दाखवते.

एरिथा


अष्कलोन
परतीच्या गलबताबरोबर

ती. मावशीस मतानचा नमस्कार. वोर्दिया बाळाला घेऊन अंगणात तुझ्या चाकासाठी जागा झाडते आहे. तिला कामातून बोलावत नाही. पुढचं आई सांगते आहे, मी तुझ्या भाषेत लिहितो आहे.

विहीणबाई, नमस्कार. पत्र ऐकलं. तुमचा पक्षी पिसं साफ करतो हे मला माहीत नव्हतं. मी त्याला दुःखी समजत होते. बरं झालं.

शेपटी वाकडी नाही. ताजा मासा आहे, तडफडतो आहे. पाहुण्यापुढे मेलेला मासा ठेवतात का?

समुद्रावरून येताय, दमलेल्या असाल. उतरलात की आधी जेवा, मग शेपटीचं बघू.

बतनोआम